घोड्यांच्या शेतावर तीन दिवस (आणि जाणार असाल तर काय करा)

मागच्या महिन्यात मी आणि ताई एका शेतावर तीन दिवस राहून आलो, तिथे सोडून दिलेले, म्हातारे, जखमी घोडे सांभाळतात आणि त्याच जमिनीत भाजी पिकवतात, सगळं लोकांच्या वर्गणीवर. बरेच जण विचारतायत आम्ही पण जाऊ का, म्हणून लिहितेय.

घोड्यावर बसायला मिळेल म्हणून जाऊ नका. आधी फोन करा, आणि दुसऱ्या कुठल्या पागेत जाऊन आला असाल तर तसं सांगा आणि बूट-कपडे धुऊनच जा. नवीन आलेला घोडा तिथे दोन-तीन आठवडे वेगळा ठेवतात, कारण स्ट्रँगल्ससारखा (घोड्यांच्या घशात गाठी आणणारा संसर्गजन्य) आजार कपड्यांवरून, बादलीवरून सुद्धा पसरतो.

आम्ही गेलो तेव्हा चांदणी नावाची घोडी येऊन चारच दिवस झाले होते. घोड्याची तब्येत 1 ते 9 अशा आकड्यात मोजतात, ती 1 वर होती, म्हणजे बरगड्या, पाठीचा कणा, कमरेची हाडं सगळं लांबून दिसत होतं. तिला दर चार तासांनी मोजून थोडीशीच लसूणघास, बास. ती रिकामं घमेलं चाटत राहायची, मग नाकाने ढकलायची, तो आवाज अजून कानात आहे. ताईला राहवलं नाही, तिने दाण्याच्या पोत्यात हात घातला तर तिथले काका धावतच आले, म्हणाले आज पोटभर दिलंत तर उद्या ती आपल्यात नसेल. खूप दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम दाणा दिला की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून साधारण दहा दिवस चारा हळूहळू वाढवत न्यायचा. माया म्हणजे खाऊ घालणं असंच मला वाटायचं, पण त्या रात्री दोन वाजता तिची मूठभर घास तराजूत टाकताना माझे हात थरथरत होते.

खिशात गाजर-बिजर नेऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलं तर पोटशूळ आणि तो जिवावर बेततो. जवळ जाताना बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जा, बरोबर मागे आणि अगदी नाकासमोर त्याला दिसत नाही. मोरखीची (घोड्याच्या तोंडाला बांधलेली) दोरी हाताला गुंडाळू नका, बंद बूट घाला.

काम मुख्यतः लीद उचलायचं. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास टाकतो, आणि तिथे अकरा आहेत! ती काडीकचऱ्यात मिसळून ढीग लावतात, आत थर्मामीटर खुपसून 55 अंशांच्या वर गेलंय ना बघतात, मग पलटतात, त्या उष्णतेने जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. तयार खतात आधी कुंडीत घेवडा लावून बघतात. गवतावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश घोड्याच्या पोटातून जाऊन खतातही टिकतो, घेवड्याची पानं आकसली की ते खत वाफ्यात जात नाही. ही काळजी मला फार आवडली.

सभासद हंगामाआधीच पैसे भरतात आणि दर आठवड्याला भाजीचा वाटा नेतात, शिवाय एकेका घोड्यासाठी दर महिन्याला पैसे देणारे पालक वेगळे. फोटो बघून एकदाच मोठी रक्कम देणारे खूप असतात, पण घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी लागतोच, तेव्हा थोडे द्या पण दर महिन्याला द्या, आम्ही दोघींनी तेच सुरू केलंय.

आणि हो, रात्रीची पाळी मागून घ्या. काका कुशीला कान लावायला शिकवतात, आत गुडगुड ऐकू आली की आतडी चालू आहेत. बॅटरी न्या, फक्त उजेड घोड्याच्या डोळ्यांवर मारू नका.