उताराला इंजिन बंद

दुपारी जेवून आडवी झाले होते, तेवढ्यात भाच्याने आदल्या दिवशीचा एक फोटो पाठवला. हिरवं गवत, त्यावर एका अंगावर कललेलं पांढरं विमान. पंख इतके लांब की एक फोटोत मावलाच नव्हता. आणि सगळ्यांच्या पुढे, कॅमेऱ्याच्या नाकाशी, बशीत चीजकेकचा भला मोठा तुकडा. खाली एकच ओळ: ‘इथला केक चांगला असतो, म्हणून उतरलो.’

झोप गेली ती गेलीच.

भाचा जर्मनीत असतो आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवतो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसऱ्या विमानाने दोरीने ओढत वर न्यायचं, किंवा जमिनीवरच्या विंचने दोर गुंडाळत पतंगासारखं चढवायचं आणि सोडून द्यायचं. पुढे ज्याचं त्याने बघायचं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा ही माणसं वासरकुप्पं नावाच्या डोंगरावर जाऊन इंजिनाशिवाय उडायला लागली. 1920 पासून तिथे स्पर्धाही भरू लागल्या. हे सगळं भाच्याने मला मागेच सांगितलं होतं, आणि मी ‘हो का’ म्हणून सोडून दिलं होतं. केकचं मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिकडच्या कितीतरी लहान धावपट्ट्यांच्या कडेला म्हणे एखादं खाण्याचं ठिकाण असतं, आणि कुठे काय चांगलं मिळतं ते या लोकांना पाठ असतं.

म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर आभाळात लोंबकळणारा माणूससुद्धा मनातल्या मनात जेवायचं कुठे ते ठरवत असतो! मला एकदम नातेवाईक सापडल्यासारखं झालं. कारण आमच्या घरी, इथे गोव्यात फोंड्याला, माझी यावरूनच थट्टा होते. म्हापशाचं कुठलंही काम माझ्याकडून शुक्रवारीच निघतं, बाजाराच्या दिवशी. माझा दंतवैद्य फोंड्याचा नाही, डिचोलीचा आहे. त्याच्या जिन्याखाली बन्स आणि पातळ भाजी मिळते, आणि दात भरून घेतल्यावर दोन तास काही खायचं नसतं म्हणून मी तासभर आधीच जाऊन बसते. नवरा म्हणतो, तू दातांसाठी जात नाहीस, दात घेऊन जातेस.

अशी ठिकाणं मला दाखवली ती पायलटांनी. आमच्या गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवणारा, मागे बसवून नेणारा. नाक्यावरच्या पायलटाला विचारावं आणि तो सांगेल तिथे निमूट जाऊन बसावं. तो स्वतः जिथे खातो तिथली भाजी ताजी असते आणि पावही सकाळचाच असतो. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, मग आमच्यात आणि तुमच्या पायलटांत फरक काय? मी म्हटलं, आमचे पायलट पेट्रोल भरतात.

यावर बाबा आठवायलाच हवे होते.

बाबांची नोकरी पणजीला. शनिवारी अर्धा दिवस. सुट्टीत ते कधी मला बरोबर नेत आणि दुपारी आम्ही चेतकवरून फोंड्याला परतायचो. मी पुढे, त्यांच्या दोन हातांमध्ये उभी, हँडल धरून. मंगेशी गेलं, म्हार्दोळ गेलं, स्कूटर धापा टाकत फर्मागुडीच्या चढावर चढली, की वर पोचल्याबरोबर बाबा इंजिन बंद करायचे. एकदम शांत. फक्त वारा आणि चाकांची सळसळ. खाली फोंडा. बाबा म्हणायचे, “पळोवया खंय मेरेन वता!” बघू कुठवर जाते. आणि मी काही बोलायला गेले की, “ओगी राव.” जणू बोलल्याने स्कूटरचा वेग कमी होणार होता. ब्रेक लावणं तर पापच. समोर गाय आली तर बाबा गाईवर चिडायचे.

उताराच्या पायथ्याशी एक हॉटेल होतं. लाकडी बाकं, काचेच्या कपाटात मिरची भजी, आणि आतून शिऱ्याचा वास. इंजिन न लावता तिथवर पोचलो तर भाजी-पाव आणि माझ्यासाठी एक बन्स, असा अलिखित करार. पोचलो नाही तर? तर उतरून ढकलत न्यायची आणि तरीही खायचं. हार-जीत कळावी म्हणून त्या दिवशी बाबा चहा घ्यायचे नाहीत. बहुतेक वेळा आम्ही वीसेक पावलं अलीकडे, एका सिमेंटच्या दुकानासमोर थांबायचो. दुकानदाराला सवय झाली होती. तो गल्ल्यावरून न उठताच ओरडायचा, “आज लागीं पावलो!”

एकदा मात्र आई मागे बसली होती, भाजीच्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन, आणि स्कूटर सिमेंटचं दुकान ओलांडून थेट हॉटेलच्या पायरीशी गेली. बाबा हर्षाने म्हणाले, “वजनान गेली!” आई दोन दिवस बोलली नाही.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं तर तो हसला नाही, उलट गंभीर झाला. म्हणाला, आजोबा बरोबरच होते. आम्ही पंखांत पाणी भरतो, मोठ्या ग्लायडरमध्ये शंभर-दोनशे लिटर. जड ग्लायडर उतरतो तेवढ्याच तिरकस रेषेत, पण वेगाने जातो. उतरायच्या आधी पाणी सोडून द्यायचं. चांगला ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत चाळीस किलोमीटर जातो. मी लगेच हिशेब केला. फोंड्याच्या डोक्यावर कुणी किलोमीटरभर उंच सोडलं तर म्हापसा आरामात, आणि शुक्रवार असेल तर प्रश्नच नाही.

आणि नाही पोचला तर, मी विचारलं. तर कुणाच्या तरी शेतात उतरायचं, मित्रांना फोन करायचा. ते लांबलचक ट्रेलर घेऊन येतात, पंख काढून ग्लायडर त्यात भरतात. त्या रात्रीचं सगळ्यांचं जेवण मात्र उतरणाऱ्याने द्यायचं, अशी रीत आहे. आम्ही ढकलत होतो तेच हे, फक्त माणसं जास्त.

केक खात फार वेळ बसूनही चालत नाही म्हणे. ऊन कललं की जमिनीवरून उठणारी गरम हवा संपते, मग वर सोडणारा मिळाला तरी तरंगायला काही उरत नाही. आमच्याकडे किनाऱ्याजवळ तर ती दुपारीच मोडते, समुद्राचा गार वारा आत शिरला की. सड्यावर अकरा-बाराला घारी पंख न हलवता गोल गोल चढताना दिसतात. चारला बघावं तर त्याच घारी मासळी बाजाराच्या पत्र्यावर बसलेल्या. त्याही जेवणाची जागा बघूनच उतरतात, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

नंतर बाबांना तळलेलं बंद झालं, मग मीठ, मग स्कूटर. गाडी मी चालवायची. एकदा बांबोळीहून तपासण्या करून परतताना फर्मागुडीच्या माथ्यावर ते म्हणाले, “बंद कर गो.” मी म्हटलं, बाबा, आताच्या गाड्यांचं असं बंद करता येत नाही, स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही नीट लागत नाही. ते खरंच आहे. ते काही बोलले नाहीत, काच खाली केली.

घरी पथ्याचं जेवण झाकून ठेवलेलं होतं, औषधाची वेळ झाली होती. मी हॉटेलसमोरून गाडी तशीच पुढे नेली. हॉटेल उघडं होतं.