इनामगाव: पावलं तोडून पुरलेली माणसं

येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या दफनातला तो चार पायांचा रांजण पाहिला, तेव्हापासून ते गाव डोक्यात होतं. नगर रस्त्याने शिक्रापूर, मग तळेगाव ढमढेरे, न्हावरे आणि पुढे घोड नदीचा काठ. वाटेत ऊसच ऊस.

१९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी इथे ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरली जात त्या काळातलं, अख्खं गाव उकरून काढलं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढी नांदती वस्ती! नदीच्या पुराचं पाणी वळवून घ्यायला पाट खणलेला, दगडमातीचा बांध घातलेला. आज पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खापरं तेवढी दिसतात. एक उचलून पाहिलं. लाल अंग, त्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, अजून ठसठशीत. होतं तिथेच परत ठेवलं. बांधावरचे आजोबा म्हणाले, "पुण्यावरनं खापरं बघाया आलात व्हय? बघा की, समदी पांढरी भरलीय."

मला छळतात ती इथली दफनं. मोठी माणसं उत्तर-दक्षिण आडवी पुरलेली, पण घोट्याखालची पावलं तोडून. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून. आणि हे सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात.

मेलेला भूत होऊन फिरू नये म्हणून पावलं तोडली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला कुणी चुलीशेजारी पुरेल का? त्याने घर सोडून जाऊ नये म्हणूनच तोडली असतील, असं मला त्या टेकाडावर उभं राहून फार वाटलं. पुरावा मात्र दोन्हीकडे सारखाच तोकडा.

त्यातून तो संग्रहालयातला रांजण! कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात सापडला. आत साधारण चाळिशीचा पुरुष, पाय दुमडून बसवलेला, आणि त्याची पावलं शाबूत. सोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली. गावचा प्रमुख असावा, असं उत्खनकांचं मत. पण प्रमुखाला आडवं का नाही निजवलं? त्याच्या खालच्या थरात तसाच आणखी एक रांजण निघाला, त्यात तर माणसाचा सांगाडाच नाही. तो कुणासाठी पुरला?

जाणार असाल तर आधी संग्रहालय बघा, मग इनामगाव. रांजण डोळ्यांपुढे असला की पांढरीवर कुठे काय असेल याचा अंदाज बांधता येतो. खापरं खिशात घालू नका.