पावसाळी नोंदवही : नारिंगी ठिपक्याने केलेली फजिती

मृग लागल्यापासून दुर्बीण फोंड्याच्या घरी चादरीखाली आहे. आरशाला बुरशी धरू नये म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्यात. रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडतो आणि ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स : प्लॅनेट नाइन’ या हौशी लोकांच्या आकाशशोध उपक्रमावर बसतो. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या, निरीक्षणाला गोव्याइतकी नालायक जागा शोधून सापडायची नाही. हवेतली वाफ हे किरण गिळते, आणि आपल्याकडे वाफेला काय तोटा! म्हणून ‘वाइज’ दुर्बिणीची चित्रं. ती ढगांच्या कितीतरी वरून काढलेली.

नव्यांसाठी एवढंच: ४० सेंटिमीटरची वाइज डिसेंबर २००९मध्ये वर गेली. थंड ठेवणारा गोठलेला हायड्रोजन २०१०मध्ये संपला, तेव्हा चारांपैकी ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे दोनच पट्टे उरले. मध्ये दोनेक वर्षं तिला झोपवली, २०१३मध्ये निओवाइज म्हणून उठवली, ऑगस्ट २०२४मध्ये कायमची बंद केली. आकाशाचा प्रत्येक तुकडा तिने साधारण सहा-सहा महिन्यांनी टिपला. ती चित्रं एकामागून एक पळवायची आणि हलणारा ठिपका हेरायचा. थंड तपकिरी बटू, म्हणजे तारा व्हायला कमी पडलेला गोळा, असेल तर त्याच्यातला मिथेन ३.४चा प्रकाश शोषतो, ४.६चा सुटतो, म्हणून वाइजव्ह्यू या चित्रं पळवणाऱ्या साइटवर तो नारिंगी दिसतो.

जूनपासून आठशेच्या वर तुकडे पाहून झाले. बहुतेकांत काहीच नाही.

श्रावणातल्या एका रात्री मात्र नारिंगी ठिपका सापडला. एका चित्रात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, पुन्हा डावीकडे. लंबन! सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, जवळचा तारा असा डुलणारच. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “बरं, आता नीज.” मी कसला निजतो.

सकाळी डोकं ताळ्यावर आल्यावर आकडेमोड केली. ठिपका चार पिक्सेल उडत होता. वाइजचा पिक्सेल २.७५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे ११ विकला. प्रॉक्सिमा, आपला सगळ्यात जवळचा तारा, जेमतेम दीड विकला डुलतो; वाइजमध्ये तो अर्धा पिक्सेल. म्हणजे माझा तारा सात प्रकाश-महिन्यांवर असायला हवा होता! शेजारच्या तेजस्वी ताऱ्याची ती भुताटकी होती, दुर्बिणीच्या आत उमटलेलं खोटं प्रतिबिंब. दर सहा महिन्यांनी दुर्बिणीची दिशा उलटते, तशी तिची भुतंही बाजू बदलतात. हे मदतपानावर लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं.

खरी ओळख डुलण्यात नसते, एकाच दिशेने सरकत राहण्यात असते. २०१४मध्ये केव्हिन लुहमन यांनी जाहीर केलेला तपकिरी बटू वाइज ०८५५−०७१४ वर्षाला आठ विकला सरकतो, म्हणजे जवळपास तीन पिक्सेल. अंतर साडेसातेक प्रकाशवर्षं, तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास. आता नवा तुकडा उघडण्याआधी त्याचीच चित्रफीत एकदा पळवतो. डोळा तयार होतो.

त्यानंतर दोन उमेदवार मिळाले. एक सिम्बाड या खगोलीय नोंदींच्या साठ्यात आधीच नोंदलेला निघाला, पण बटू खरा होता. दुसरा अंधूक आहे, वासुकी तारकासमूहाच्या शेपटीजवळ. अजून नोंद सापडलेली नाही. मार्च २०२५मध्ये वर गेलेल्या स्फिअरएक्स दुर्बिणीचे १०२ रंग त्यावर लावून पाहायचे आहेत, पण तिचा पिक्सेल ६.२ विकलांचा आणि शेजारी एक तारा चिकटून बसलाय. चवथीचे दिवस माटोळीत, गणपतीवरच्या फळापानांच्या छतात, जातील. त्यानंतर बघू, वीज टिकली तर.