चार नांगर, चार घरे

इंग्लंडमधील एका विद्यापीठात मी मध्ययुगीन इतिहास शिकवते आणि दर वर्षी मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना यॉर्कशायर वोल्ड्समधील वॉरम पर्सी हे ओसाड गाव दाखवायला नेते. यंदा आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते. गवताळ उतार आणि 1959 मध्ये अर्धा मनोरा कोसळलेले, छप्पर नसलेले सेंट मार्टिनचे चर्च, याखेरीज काहीच दिसेना. "पण गाव कुठे आहे?" एका विद्यार्थ्याने विचारले.

मी त्याला चर्चच्या भिंतीपाशी नेले. तिथल्या कमानी दगडांनी बुजवलेल्या आहेत. वस्ती वाढत होती तेव्हा चर्चला दोन्ही बाजूंनी पडव्या काढल्या गेल्या आणि पुढे माणसे उरेनात तेव्हा त्या पाडून कमानी चिणून टाकल्या. दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "प्लेगमुळे ना?"

हा समज फार घट्ट रुजलेला आहे आणि तो खोडून काढणे मी माझे कर्तव्य मानते. 1349 च्या साथीने माणसे नेली हे खरे, तरीही 1368 मध्ये इथली सुमारे 30 घरे नांदती होती. पुढे लोकर धान्याहून किफायतशीर ठरू लागली, जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या आणि 1500 च्या आसपास गाव उठले. 1517 च्या सरकारी चौकशीत इथला जमीनदार बॅरन हिल्टन याने चार नांगर बंद केले आणि चार घरे पडू दिली, अशी नोंद आहे. एका गावाचा अंत एवढ्या मोजक्या शब्दांत नोंदवलेला वाचताना मला दर वेळी गलबलून येते.

चारच्या सुमारास ढग पांगले, तिरपे ऊन पडले आणि पठारावर घरांची जोती सावल्यांनिशी वर आली. मागे परसांचे बांध, मधून खोलगट रस्ता. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी इथे चाळीस वर्षे, 1990 पर्यंत, उन्हाळ्यामागून उन्हाळे उत्खनन केले, ते याच उंचवट्यांचा माग काढत. एका जोत्यावर घुशीसारख्या प्राण्याने उकरलेल्या मातीत खडूचे पांढरे खडे होते. जुन्या गावठाणाला आपण पांढर म्हणतो ते मला आठवले. तुमच्या भाषेत अशा गावाला काय म्हणतात, असे त्या मुलाने विचारले, तेव्हा 'बेचिराख' या महसुली शब्दात 'चिराग' कसा दडला आहे, ते मी त्याला सांगितले.

येताना सगळे जोती तुडवत आले होते. परतताना मात्र कोणी न सांगताही ते वळसा घालून त्या खोलगट रस्त्यानेच वर चढले.