हवेलाच मसाला लावतात म्हणे

दादा सहज बोलला, मनात काही नव्हतं त्याच्या. ५ मार्चला अमेरिकेत चीज डूडल्सचा, म्हणजे चीजची पूड लावलेल्या मक्याच्या कुरकुरीत पफ्सचा, दिवस साजरा करतात हे मी एवढ्या कौतुकाने सांगायला गेले तर म्हणे, "हवेला मसाला लावून विकतात, त्याचा कसला दिवस?" सगळे हसले, विषय बदलला. पण मला ते लागलं. का लागलं तेच कळेना. माझी आवड नेहमी अशीच उडवून लावतात म्हणून असेल, आणि ताई तर... जाऊ दे.

हवा, हवा काय! तीच तर करामत आहे. ओलसर मक्याची भरड यंत्रात दाबली जाते, घर्षणाने तापते, आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी दाबामुळे त्याची वाफ होत नाही. बारीक भोकातून बाहेर पडल्या पडल्या दाब जातो, पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि मका फुगतो. एखादा पफ मधे मोडून बघा, आत लहानमोठी भोकं नि त्यांच्यामधे पातळ पातळ भिंती. दाताखाली मोडतात त्या ह्याच. मग जिभेवर विरघळून जातात, काही खाल्लंय असं पोटाला वाटतच नाही आणि हात परत पाकिटात.

हे सुरू झालं गुरांच्या खाद्यापासून, हेही कोणीतरी नाक मुरडून सांगतंच. हो, १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट गावात फ्लेकॉल नावाची पशुखाद्याची कंपनी होती, यंत्र तुंबू नये म्हणून कामगार मका ओला करून घालायचे आणि बाहेर फुगलेल्या लांब लांब पट्ट्या यायच्या. एडवर्ड विल्सन तिथेच कामाला होता, त्याने त्या घरी नेल्या, मीठमसाला लावून खाल्ल्या. मला तर ह्या माणसाचं फार कौतुक वाटतं. दुसऱ्या कोणी झाडून टाकल्या असत्या. चीटोज ह्या ब्रँडचे आले १९४८ मध्ये, चीज डूडल्स नावाचे त्यानंतर. ते काढणारे मॉरी योहाई दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, पुढे कविताही लिहायचे. त्यांनाही कोणी ऐकवलं असेल का, हवा विकता म्हणून?

असेलही. आणि खरं सांगू, हे सगळं लिहिता लिहिता मगाचा राग कुठे गेला कळलंच नाही. नसेल आवडत कोणाला तर नसू दे, माझ्या बोटांना लागलेली केशरी पूड चाटायला मला कोणाची परवानगी थोडीच लागते.

५ तारखेचं माझं पक्कं आहे. फक्त भाजलेले फुगीर आणायचे की तळलेले गाठीगाठीचे एवढंच ठरायचंय. तळलेल्यांचा कडकपणा जास्त, पण तोंडात विरघळायची मजा फुगीरमधेच. फुगीरच आणते, मोठं पाकीट.