तिन्ही नॉर्मल निघाले होते

देवगड तालुक्यातल्या एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात मी दर ठरवायला गेले होते. छोट्या हॉस्पिटलांना दूरवरचे तज्ज्ञ डॉक्टर जोडून द्यायचे, हे माझं काम. हे हॉस्पिटल चालवणारं डॉक्टर जोडपं म्हणजे सर जनरल सर्जन आणि मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. वॉर्ड सांभाळतो बीएएमएस झालेला तरुण आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. फिजिशियन आठवड्यातून एकदा येतात. हृदयरोगतज्ज्ञ हवा असेल तर घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळी.

महिनाभर चाचणी म्हणून आमच्या तज्ज्ञांनी दुरून वाचलेल्या प्रत्येक ईसीजीमागे पैसे असं चाललं होतं आणि सरांना तेच कायम हवं होतं. "जेवढे वाचाल तेवढ्याचे घ्या. ज्या दिवशी काहीच पाठवलं नाही त्या दिवसाचे का द्यायचे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. इथे पावसाळ्यात ओपीडी ओस पडते, लोक लावणीत असतात आणि बिलं भाताच्या कापणीनंतर चुकती होतात. असं हॉस्पिटल चालवणाऱ्याला दर महिन्याचा ठरलेला खर्च नकोसा वाटणारच.

बोलणं अर्ध्यावर टाकून सर ऑपरेशनला गेले आणि मी कॅज्युअल्टीत येऊन बसले. तेवढ्यात शेतातून थेट उचलून आणलेला पन्नाशीतला माणूस आला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, अंगाला घाम. "पोटात जळजळता, गॅस झालोसा वाटता," एवढंच तो म्हणत होता. सिस्टरनी ईसीजी काढला. आरएमओने पट्टी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, "मॅडम, पाठवू का? मागच्या आठवड्यात तीन पाठवले, तिन्ही नॉर्मल निघाले."

मी म्हटलं, "आधी पाठव."

त्याने पट्टी टेबलावर सपाट धरून फोटो काढला. काही मिनिटांतच कोल्हापूरहून आमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या नोंदींमध्ये आलेखाचा एसटी हा भाग वर गेलेला होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सॉर्बिट्रेट दिली का?" छातीतल्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची ती गोळी सिस्टरांच्या तळहातावरच होती. "थांबा. बीपी बघा आणि आधी उजव्या बाजूच्या लीड घ्या." छातीच्या डावीकडे लावलेला व्ही-फोरचा इलेक्ट्रोड काढून उजवीकडे त्याच जागी लावला. तिथेही एसटी वर, बीपी नव्वद. उजवा कप्पा झटक्यात सापडला असेल तर सॉर्बिट्रेटने बीपी कोसळतं. अशा रुग्णाला सलाईन लागतं. गोळी बाजूला ठेवली, सलाईन सुरू झालं, रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून ॲस्पिरिन चावायला दिली, क्लोपिडोग्रेल दिलं.

तोवर सर ओटीतून बाहेर आले होते. फोनवर एकेक प्रश्न येत होता: आधी कधी पक्षाघात? अलीकडे ऑपरेशन? कुठून रक्तस्राव? शेवटी वजन. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, म्हणून तराजूवरचा आकडा दोनदा वाचला गेला. इंजेक्शन सरांनी स्वतः दिलं. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी रुग्णापाशी असलेल्या डॉक्टरचीच राहते. करारातलं हे कलम सकाळी आम्ही वाचून पुढे गेलो होतो. आता सरांनी पेशंटची नाडी धरली होती आणि फोन स्पीकरवर होता.

दीड तासाने दुसरा ईसीजी काढला. एसटी बराच खाली आला होता, दुखणं थांबलं होतं. तळेऱ्यावरून करूळ घाटाने ॲम्ब्युलन्स कोल्हापूरला निघाली.

चहा आला तेव्हा मी झटक्याबद्दल काही बोलले नाही. आरएमओचं वाक्य तेवढं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्याला मीच बोलले होते. उगाच पैसे जातात म्हणून."

मला म्हणायचं होतं ते हेच. ईसीजीमागे दर लावला की तो पाठवायचा की नाही हे ठरवताना रात्री एकटा असलेला पोरगा हिशेब करतो. आणि तज्ज्ञाचं खरं काम तर फोनजवळ जागं असणं हे आहे. त्याची रात्र बांधली जाते ती फोन आला तरी आणि नाही आला तरी. तिचं मोल रोज द्यावंच लागतं, पण ते एकट्या हॉस्पिटलने द्यावं असं नाही. किनाऱ्यावरच्या तीन हॉस्पिटलांनी मिळून एक तज्ज्ञ घ्यायचा आणि खाटांच्या प्रमाणात रक्कम वाटून घ्यायची, असा माझा प्रस्ताव होता. तातडीच्या सल्ल्याचे फोन मग कोणी मोजायचे नाहीत.

एक्स-रे आणि सीटीचा दर मात्र मी नगावरच ठेवला. तिथे जितक्या फिल्म तितकं काम. सीटीची एक प्रतिमा साधारण अर्धा एमबीची, तीनशे प्रतिमा म्हणजे दीडशे एमबी, आणि हायवेच्या कामात केबल तुटली की त्या अडकतात. ईसीजीचा फोटो मोबाइलच्या कमजोर रेंजवरही जातो. सरांनी सोनोग्राफीचंही विचारलं, त्याला मी नाही म्हटलं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात मशीन आणि ते वापरणारा डॉक्टर दोघांचीही नोंद लागते, तिथे दुरून काही करायला मी जात नाही.

सल्ल्याचे पैसे पेशंटच्या बिलात वेगळे लावायचे का, यावर जास्त वेळ गेला. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णाकडून असे पैसे घेताच येत नाहीत. बाकीच्यांना लावले तर "तो फोन नको" म्हणणारा नातेवाईक भेटणारच. ते खाटेच्या भाड्यातच धरायचे ठरले.

मॅडमनी करारात पेनाने एक ओळ वाढवली: नॉर्मल निघालेल्या ईसीजीबद्दल आरएमओला विचारणा होणार नाही. दोन हॉस्पिटलं तयार आहेत. तिसऱ्याला अजून नगावरच दर हवा आहे, आणि तातडीच्या सल्ल्यासाठी तो मी देणार नाही असं त्यांना कळवलं आहे.