डब ऐकायला लागताना: आधी गाणं, मग त्याचं भूत

डबची पहिली रेकॉर्ड कोणती घ्यावी असं विचारलं की हमखास एकच उत्तर येतं: जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन', १९७६. रेकॉर्ड अव्वलच आहे. पण ज्याने मूळ गाणी ऐकलेली नाहीत त्याला ती अर्धीच कळते. डब हे वेगळं रचलेलं वाद्यसंगीत नव्हे. आधीच मुद्रित झालेल्या रेगे गाण्याची टेप मिक्सिंग डेस्कवर लावून एका माणसाने तिच्यातून काय काढलं, काय ठेवलं, काय लांबवलं, याचा तो खेळ आहे. मूळ गाणं माहीत नसेल तर काय गेलं ते कानाला कळणार कसं?

म्हणून जोडीने ऐका. सगळ्यांत सोपी जोडी बर्निंग स्पिअर या रेगे गायकाची आहे: 'मार्कस गार्वी' (१९७५) आणि तिचा डब 'गार्वीज घोस्ट' (१९७६). दोन्हीकडे दहाच गाणी, क्रमही तोच, फक्त नावं बदललेली. 'स्लेव्हरी डेज'समोर 'आय अँड आय सर्व्हाइव्ह' लावा, कोणता गळा कुठे गायब झाला ते लगेच कळेल. मुरलेले श्रोते या डबला सौम्य म्हणून नाकं मुरडतात, आणि ते खरंही आहे. शिकायला मात्र सौम्यच बरा.

ही जोडी पचली की जेकब मिलर या गायकाचं 'बेबी आय लव्ह यू सो' घ्या आणि त्याच्या मागच्या बाजूचा डब ऐका. पाब्लोच्या त्या अल्बमला नाव दिलं ते याच डबने.

समेवर ठोका ऐकायची सवय असलेला कान इथे सुरुवातीला हमखास चकतो. चार मात्रा मोजा: गिटारचा तुटक 'चक' दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि 'वन ड्रॉप' तालात ड्रमचा मुख्य ठोका तिसऱ्यावर. पहिली मात्रा मोकळी. पहिल्या ऐकण्यात फक्त बास धरा, बाकी सगळं सोडून द्या. डबमध्ये चाल बासकडेच असते.

आता टबीकडे. किंग टबी, म्हणजे ऑसबर्न रडक, किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस. त्याच्याकडे चार ट्रॅकचं, म्हणजे चार वेगळ्या आवाजपट्ट्यांचं, डेस्क होतं. चारच ट्रॅक असले की ड्रम, बास, गिटार-ऑर्गन आणि गायक अशी ढोबळ वाटणी होते, आणि एक फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, खाली ओढला की सबंध थर नाहीसा होतो. गायकाचा फेडर क्षणभर वर करून एखादंच अक्षर टेप इकोमध्ये, म्हणजे आवाज टेपवर घेऊन थोड्या उशिराने परत ऐकवणाऱ्या यंत्रात, सोडायचं आणि लगेच खाली घ्यायचा. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि आवाज नोंदवणारं आणि वाचणारं या दोन हेडमध्ये ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ते अक्षर साधारण पाव सेकंदाने परत येतं. परतलेला आवाज पुन्हा आत सोडला की आवर्तनं सुरू होतात. तो प्रमाणाबाहेर सोडला तर इको स्वतःच चढत जाऊन किंचाळतो. त्याच्या अलीकडे हात आवरण्यातच कसब. मधेच ढगफुटीसारखा जो गडगडाट होतो, तो स्प्रिंग रिव्हर्बच्या, म्हणजे स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणाऱ्या, पेटीला दिलेला धक्का. आणि झांज किंवा गिटार पायरीपायरीने पातळ, चिरकी होत जाते तेव्हा डेस्कवरच्या फिल्टरचं मोठं बटण फिरत असतं.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. इवल्याशा स्पीकरमधून तिची सावलीच बाहेर येते. बरे बंद हेडफोन पुरतात. टर्नटेबल असेल तर ते स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका. बासची थरथर सुईत शिरते, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि खालच्या पट्टीत चढत जाणारी घरघर सुरू होते. जड फळी आणि वेगळा आधार, एवढंच औषध.

जमैकन सात इंची रेकॉर्डला बहुधा मधे मोठं भोक असतं, त्यामुळे ॲडॅप्टर आधी घ्या. भोक मध्यावर नसेल तर सूर हेलकावतो. पाब्लोच्या मेलोडिकावर, म्हणजे फुंकून वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, ते फार जाणवतं. रेकॉर्ड फिरताना टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, दर फेरीला आडवा डुलतोय का, ते पाहा.

खरेदीतला मोठा सापळा म्हणजे कव्हरवरचं टबीचं नाव. त्याच्या स्टुडिओत प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्टही मिक्स करत, आणि टबीचं नाव खपतं म्हणून तेच ते डब नव्या नावांनी पुन्हापुन्हा निघाले. निर्माता, मूळ गायक आणि मिक्स करणारा, यांपैकी काहीच छापलेलं नसेल तर ती रेकॉर्ड खाली ठेवा. प्रेशर साउंड्स आणि ब्लड अँड फायर या कंपन्यांच्या आवृत्त्यांत ही माहिती नीट असते. दुसरी कंपनी मधे बंद पडली होती, म्हणून तिच्या जुन्या प्रती शोधाव्या लागू शकतात. सायंटिस्ट हवा असेल तर १९८१ची व्हॅम्पायरवाली रेकॉर्ड ('सायंटिस्ट रिड्स द वर्ल्ड ऑफ द ईव्हिल कर्स ऑफ द व्हॅम्पायर्स') घ्या: रूट्स रॅडिक्स या बँडचं वादन, स्वच्छ मुद्रण, प्रत्येक फेडर ओळखू येतो.

निर्माता ली पेरीची 'सुपर एप' (१९७६) मी मुद्दाम शेवटी ठेवतो. त्याच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतही चारच ट्रॅक होते, पण पेरी ते भरले की एकत्र उतरवून जागा मोकळी करायचा आणि वर आणखी थर चढवायचा. प्रत्येक उतरवणीत वरचे सूर थोडे मंदावतात आणि टेपची सळसळ वाढते. तो धुरकट आवाज मूळ टेपमध्येच आहे, तेव्हा रेकॉर्ड खराब समजून दुकानदाराशी भांडू नका. सळसळ डिजिटल प्रतीतही ऐकू आली तर ती टेपची. चट्‌चट् फक्त तुमच्याच रेकॉर्डवर असेल तर ती धुऊन घ्या.